काळी आणि पांढरी : घर बांधताना काढलेल्या नोंदी



गेले दोन-तीन महिने पिकाच्या नोंदी कमी आणि विटा-वाळूचे फोटो जास्त पडतायत. म्हणून बऱ्याच जणांनी विचारलं, घर कुठवर आलं? घर लिंटलच्या वर गेलंय, स्लॅबची तयारी चालू आहे. पण आज तेवढंच सांगून थांबत नाही. काम चालू असताना मिस्त्री, वडील, शेजारपाजारचे म्हातारे यांच्याशी जे बोलणं झालं आणि अधूनमधून जे वाचलं, त्यातून एक गोष्ट पक्की झाली. आपल्या मराठवाड्यात घराचा इतिहास हा शेतीपासून वेगळा काढताच येत नाही. घर केवढं, कशाचं आणि कुठं, हे कायम जमिनीनं आणि पावसानं ठरवलंय. मधे एकदा भूकंपानं ठरवलं. त्याच क्रमानं लिहितो. जरा लांब आहे, सवडीनं वाचा.

जागा

जुन्या लोकांच्या बोलण्यात गावाचे दोन भाग असतात. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. जुन्या कागदांतही हे शब्द याच अर्थानं येतात. हे नाव उगाच पडलेलं नाही. शेकडो वर्षं एकाच ठिकाणी माणसं राहिली, मातीच्या भिंती पडल्या, त्यावर नव्या उभ्या राहिल्या, चुलीची राख, शेणकूट, जनावरांच्या गोठ्यातलं सगळं त्यात मिसळत गेलं. त्यातून ती भुरकट पांढरी, पिठासारखी माती तयार झाली. गावाच्या मधलं उंच टेकाड, ज्याला आपण गढी किंवा पांढरीचं टेकाड म्हणतो, ते बऱ्याच ठिकाणी नुसतं घरांवर घरं पडून वाढलेलं असतं.

म्हाताऱ्यांचा एक नियम होता. पिकाऊ जमिनीवर घर बांधायचं नाही. यात दोन हिशोब होते. एक तर काळी वाया घालवायची नाही. दुसरं म्हणजे काळ्या मातीवर घर टिकत नाही. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा आपण दरवर्षी मे महिन्यात बघतो. ज्या जमिनीत एवढी हालचाल चालते तिच्यावर भिंत सरळ कशी राहील? म्हणून गावं बसली ती मुरमाड उंचवट्यावर, नाहीतर जुन्या पांढरीवर.

पुढं विहिरी वाढल्या, विजेच्या मोटारी आल्या, रात्रीच्या पाळीचं पाणी द्यायची वेळ आली. मग माणूस शेतात वस्ती करून राहायला लागला. आता आमच्या भागात नवी घरं गावठाणापेक्षा शेतातच जास्त दिसतात. आम्हीही शेतातच बांधतोय, पण जागा बरडाची धरली. तिथं दोन फुटांखाली मुरूम लागला. काळ्या रानात बांधायचं असेल तर काळी संपून पक्का मुरूम लागेपर्यंत खाली जावंच लागतं, आणि तो खर्च वर दिसत नाही. पायाचा पैसा वाचवून टाइल्स भारी घेणारे बरेच आहेत. चार पावसाळ्यांनी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली की कळतं काय झालं ते.

पांढरीखाली काय असतं

पांढरीवर घरावर घर चढत जातं म्हटलं, तर सगळ्यात खालचं घर किती जुनं असेल? याचं उत्तर पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी मिळालं. इनामगाव. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथं खणलं. तिथली वस्ती साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली, म्हणजे तिची सुरुवात आजपासून तीन हजार वर्षांच्या पलीकडची. शंभरावर घरांच्या जमिनी तिथं सापडल्या. मातीच्या बुटक्या भिंती, कूड, आत चूल, धान्य साठवायच्या कणगीची जागा. बार्ली पिकवणारी शेतकरी माणसं होती ती. पुराचं पाणी वळवायला त्यांनी बांध आणि पाट काढला होता. एक घर पाच खोल्यांचं निघालं, आणि त्याच्या शेजारीच धान्याचं कोठार. तो गावाच्या मुखियाचा वाडा असावा असं खणणाऱ्यांनी म्हटलंय.

मला तिथली एक गोष्ट फार लागली. आधीच्या काळातली घरं मोठी, चौकोनी, ऐसपैस आहेत. शेवटच्या काळात, इसवी सनापूर्वी १००० च्या पुढं, ती लहान होत जातात आणि गोल झोपड्या दिसायला लागतात. डॉ. म. के. ढवळीकरांनी याचं कारण पाऊसमान बिघडणं आणि त्यातून आलेली गरिबी असं दिलंय. शेती खाली आली आणि घर आवळलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचं सुख-दुःख कुणी लिहून ठेवलं नाही, पण त्याच्या घराच्या मापात ते उरलं.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. जुन्या काळी रोमपर्यंत व्यापार असलेलं तगर नगर ते हेच. तिथल्या टेकाडांची पांढरी माती लोक घरावर आणि रानात टाकायला नेत. ती नेताना मणी, मातीच्या बाहुल्या, नाणी वर येत. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू जमा केल्या आणि त्यातून आजचं तिथलं सरकारी वस्तुसंग्रहालय उभं राहिलं.

माळवद

आता ही पांढरी माती घरावर कशासाठी टाकत, ते सांगतो. नव्या पोरांनी माळवद बघितलेलं नाही. कुणी धाब्याचं घर म्हणतं, कुणी माळवद.

आमचं गावातलं जुनं घर या कामाच्या आधी उतरवलं. तेव्हा वरून खाली एकेक थर मोजून घेतला. लाकडी खांब, खांबावर तुळई, तुळईवर आडवे सर. सरांवर किलचण, म्हणजे लाकडाच्या जवळजवळ लावलेल्या चिपा. त्यावर तुराट्या आणि पाला, त्यावर चिखलाचा थर, आणि सगळ्यात वर पांढरी माती. खांबांमधल्या जागेला खण म्हणायचं. घर केवढं, तर पाच खणाचं, सात खणाचं. सोयरीक जमवताना हेच विचारायचे. भिंती दगड-मातीच्या, दोन-तीन फूट रुंद. खिडक्या जवळजवळ नाहीत. उजेडाला छतात साणं ठेवलेलं.

छताला माती कुठली हेही ठरलेलं. ज्या गावाला पांढरी नसे तिथं खारी, चोपण माती आणत. शेतकऱ्याला यातली गंमत लगेच कळेल. चोपण रानात पाणी मुरत नाही. ओली झाली की माती विरघळून बारीक होते आणि तिचीच तिला सील बसते. पिकाच्या मुळाला मारणारा जो दोष, तोच छताला गुण. रसायनशास्त्र न शिकता हे लोकांनी ओळखलं होतं.

आमच्याकडं पाऊस बेताचा आणि ऊन कडक. अशा ठिकाणी हे घर चोख होतं. मे महिन्यात दुपारी माळवदाखाली झोप लागायची. वर मिरच्या, कुरडया, हुलगे वाळायचे. उन्हाळ्यात अख्खं घर वर झोपायचं. कोकणातला धो धो पाऊस या छतानं एक महिनाही सोसला नसता. तिकडं उतरतं छपरच पाहिजे. १८६५ मध्ये बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ते मंगळूरी कौल पुढं घाटावरही आलं, पण आमच्याकडं माळवदच राहिलं.

एकच खोट होती. दरवर्षी मृगाच्या आधी वर नवी माती टाकायची. जुनी काढायचं काम कोण करणार? आज्यानं टाकली, बापानं टाकली, नातवानं टाकली. थर वाढतच गेला. आमच्या घरावर दीड फूट निघाला. हिशोब करून बघा. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे दीडशे घनफूट, आपल्या भाषेत दीड ब्रास. वजन साडेसहा-सात टन. पाच इंची स्लॅबचं तेवढ्याच खोलीवर तीन टनांच्या आसपास भरतं. भरलेल्या दोन ट्रॉल्या डोक्यावर घेऊन आपण पिढ्यान्पिढ्या झोपत होतो.

१९९३

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. रात्री उशिरा विसर्जन करून माणसं झोपलेली. ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं काही सेकंदांत बसली. सुमारे ८ हजार माणसं गेली. भूकंपाचं माप ६ च्या थोडं वर होतं. जगात याच्यापेक्षा मोठे भूकंप होतात आणि माणसं इतकी मरत नाहीत. आदल्याच वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये, किल्लारी भागात धक्के बसले होते. पण नकाशावर आपला भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये नकाशा बदलला आणि किल्लारी-लातूरचा भाग वरच्या, तिसऱ्या पट्ट्यात गेला.

त्या दिवसानंतर आमच्याकडं एकच वाक्य रूढ झालं, मातीनं माणसं मारली. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा ३४ वर्षांचे होते. तीन दिवस शेजारच्या गावात ढिगारे उपसत होते. त्यावर ते फार बोलत नाहीत. आमच्या गावात भिंती गेल्या पण गाव जागेवर राहिलं. तेव्हापासून अण्णा पत्र्याखालीच झोपतात. नव्या घराला स्लॅब टाकायचा म्हटल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पत्रा पडला तर माणूस जखमी होतंय. वरचं जड पडलं तर माणूस घावत न्हाई. मला डोक्यावर वजन नको." एवढ्यावरून घरात आठवडाभर कुणी कुणाशी नीट बोललं नाही. घर बांधायचं ज्यांच्यासाठी, तेच आत झोपणार नसतील तर बांधून उपयोग काय?

मिस्त्री साठीच्या पुढचे आहेत. भूकंपानंतरच्या दुरुस्तीच्या कामावर त्यांनी हात चालवलाय. ते अण्णांना म्हणाले, "अण्णा, नुसत्या वजनानं घर पडत न्हाई. भिंत सुटली म्हणून पडलं."

खरं तेच आहे. आपल्या दगडी भिंती रुंद दिसत, पण त्या एक भिंत नसतच. आतली एक रांग, बाहेरची एक रांग, मधे गोटे आणि मातीची भर. दोन्ही रांगांना बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड फार थोड्या ठिकाणी असायचा. जमीन हलली तशी बाहेरची रांग बाहेर आणि आतली आत पडली. छताचा भार जिथं भिंतीवर होता तिथं छतही खाली आलं. उलट जिथं भार खांबांवर होता, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा आणि वरचं माळवद उभं राहिलं. पण खांबाजवळ झोपलेल्या माणसाला भिंतीच्या दगडांनी गाठलं होतं.

म्हणजे दोष तीन होते. भिंत बांधलेली नव्हती, वर वजन अफाट होतं, आणि चार भिंतींना एकत्र आवळणारा पट्टा नव्हता. नंतरच्या दुरुस्तीत नेमकं यावरच काम केलं गेलं. भिंतीला आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायचं, साधारण दोन फूट उंचीला एक आणि चार फूट अंतराला एक. छतावरची माती उतरवून थर पातळ करायचा. खांब-तुळईच्या जोडाला तिरपे आधार द्यायचे. लाखाहून जास्त घरं अशी दुरुस्त झाली किंवा जागेवर पुन्हा बांधली. त्या कामात गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या, सिमेंटचं प्रमाण आणि सळईचं माप तपासायला शिकल्या. हा इतिहास फार कमी सांगितला जातो.

घराचं माप

५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जागतिक बँकेचं कर्ज आणि देशभरातल्या संस्थांची मदत त्यात होती. त्या गावांत घराचं माप कशावर ठरलं? जमिनीवर. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, सात हेक्टरच्या वर ७५०. इनामगावात जे पावसानं केलं ते इथं सरकारी कागदानं केलं. कुटुंबात माणसं किती हे विचारलं गेलं नाही, सातबारा विचारला गेला.

घरं मजबूत मिळाली, हे मान्यच करायला पाहिजे. पण आखणी शहरासारखी. सरळ रस्ते, रांगेत घरं. गोठा कुठं, कडबा कुठं रचायचा, बैलगाडी कुठं सोडायची, याला बऱ्याच ठिकाणी जागा नव्हती. शेत लांब पडलं. आज त्या गावांत गेलं की मूळ घराला चिकटून पत्र्याचे आडोसे, ओसऱ्या, गोठे दिसतात. लोकांनी तीस वर्षांत आपापलं घर पुन्हा शेतकऱ्याचं करून घेतलंय.

आत्ताच्या प्रधानमंत्री आवास योजनेतही, जी ग्रामीण भागात २०१६ पासून चालू आहे, सपाट भागात १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर घर आहे. २५ चौरस मीटर म्हणजे २६९ चौरस फूट. भूकंपानंतरच्या सगळ्यात लहान घराच्या जवळपास तेवढंच. ज्याला काहीच नाही त्याला हा मोठा आधार आहे. पण सोयाबीनची पोती ठेवायची कुठं, हा प्रश्न तिथंही उरतोच.

स्लॅब एवढ्या लवकर कसा आला?

नव्वद सालापर्यंत आमच्या गावात स्लॅबची घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. आज माळवदं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. सगळे म्हणतात भूकंपानं झालं. अर्धं खरं आहे. दुसरं अर्ध सिमेंटच्या पोत्यात आहे.

एके काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. भाव ठरलेला, माल परमिटवर. चार पोती पाहिजेत तर अर्ज करा आणि वाट बघा. सिमेंटच्या वाटपावरून महाराष्ट्रात एवढं रान उठलं की जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांना जावं लागलं. त्याच वर्षी नियंत्रण अर्धं उठलं आणि १९८९ मध्ये पूर्ण उठलं. म्हणजे तालुक्याच्या दुकानात पैसे टाकले की सिमेंट मिळायला लागून चारच वर्षं झाली होती, तेवढ्यात भूकंप झाला. भीती आणि सोय एकाच वेळी आली. त्यात माळवद गेलं, आणि माळवदाबरोबर ते बांधणारे हातही गेले.

यात अजून एक बदल झाला. जुन्या घराला लागणारं बहुतेक सगळं शिवारातून यायचं. दगड, माती, तुराट्या, लाकूड, आणि सावडीनं येणारी माणसं. रोख पैसा कमी लागायचा. आताच्या घराला शिवारातून काहीच येत नाही, फक्त पैसा येतो. म्हणजे घराचा आणि बाजारभावाचा थेट संबंध जोडला गेला. सोयाबीनचा भाव पडला की आमच्या गावात अर्धी बांधकामं लिंटलवर थांबतात. गाडीतून फिरणाऱ्याला त्या उघड्या सळया दिसतात. आम्हाला त्यात त्या साली काय भाव मिळाला ते दिसतं.

आम्ही काय ठरवलं

मिस्त्री आणि अण्णा दोन दिवस जुन्या घराच्या दगडांवर बसून बोलले. शेवटी असं ठरलं.

जोत्याला एक, लिंटलला एक आणि छताखाली एक, असे तीन काँक्रीटचे पट्टे सगळ्या भिंतींवरून सलग फिरवायचे. कोपऱ्यात उभी सळई पायापासून छतापर्यंत. खिडकी कोपऱ्याला चिकटवायची नाही. लिंटलच्या पट्ट्याची सळई कोपऱ्यात वळवून बांधली तेव्हा अण्णा स्वतः उभे राहून बघत होते. मागच्या तीन खोल्यांवर स्लॅब आहे. पुढची ओसरी आणि अण्णांची खोली जुन्या घराच्या खांब-तुळयांवर, वर पत्रा. पत्र्याखाली तुराट्यांचा थर देणार, ऊन तुटायला. लाकूड अजून ठणठणीत आहे. अण्णांना वजन नको होतं, आणि मला ते खांब विकायचे नव्हते.

जुन्या छताची माती आठ ट्रॉल्या निघाली. ती सगळी खालच्या चिबड तुकड्यात नाही, वरच्या हलक्या रानात पसरली. पांढरी माती रानाला खत म्हणून टाकायची पद्धत जुनीच आहे. चार पिढ्या डोक्यावर असलेली माती या खरिपात तुरीच्या मुळाखाली गेली. पांढरीची पुन्हा काळी झाली.

कुणी जुनं घर उतरवणार असाल तर तीन कामं करा. लाकूड भंगारवाल्याला देण्याआधी एकदा सुताराला दाखवा. छताची माती फेकू नका, पण ती पांढरीची आहे की चोपण आहे ते आधी बघा. चोपण असेल तर रानात टाकू नका. आणि पाडायच्या आधी एक दिवस घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन खण मोजा, कुठं काय होतं ते लिहून घ्या. घर पडलं की आठवणीतला नकाशाही लवकर पुसतो.

तुमच्या भागात छतावर कुठली माती टाकायचे आणि त्या थरांना काय नावं होती, ते जरूर सांगा. स्लॅब येत्या आठवड्यात. पुढं २१ दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचंय, विहिरीला तेवढं आहे. ते काम अण्णांनी स्वतःकडं घेतलंय.